हाय-एंड फिल्म स्कॅनर: कुठला घ्यायचा, का घ्यायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ड्रम घेऊ की फ्लेक्सटाइट, कूलस्कॅन अजून चालतो का, कॅमेऱ्यानेच केलं तर काय बिघडतं, हे प्रश्न सतत येत असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, किचकट पुढे आहेत, आणि एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय, म्हणजे तेच तेच परत वाचायला नको.

१. हाय-एंड फिल्म स्कॅनर म्हणजे नक्की कुठले? घरातल्या फ्लॅटबेडपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

सगळ्यात वर ड्रम स्कॅनर, म्हणजे हायडेलबर्ग टँगो, हाउटेक, आयसीजी, अझ्टेक वगैरे, यात फिल्म पारदर्शक ड्रमवर गुंडाळतात. त्यानंतर हॅसलब्लाडचे फ्लेक्सटाइट, जे आधी इमेकॉन नावाने यायचे (२००४ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या). मग फक्त फिल्मसाठी बनवलेले डेस्कटॉप स्कॅनर, निकॉन कूलस्कॅन, मिनोल्टा डिमाज, आणि आता नवीन मिळणारे प्लस्टेक, रिफ्लेक्टा. प्रिप्रेसवाल्यांचे अवजड फ्लॅटबेड, क्रिओ आयक्यूस्मार्ट किंवा स्क्रीन सेझान, हे पण याच यादीत येतात आणि लोक त्यांना उगाच विसरतात, क्वालिटी जबरदस्त असते पण टेबल खाऊन टाकतात. लॅबमधले नोरित्सू आणि फ्रंटियर वेगळ्या कामाचे (प्रश्न ८). आणि सहावा पर्याय म्हणजे तुमचाच डिजिटल कॅमेरा (प्रश्न ९).

साध्या फ्लॅटबेडपेक्षा फरक मुख्यतः तीन गोष्टींत असतो: लेन्स चांगली असते, फोकस खऱ्याखुऱ्या फिल्मवर होतो, आणि फिल्म सपाट धरली जाते. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त महत्त्वाचं आहे.

२. बॉक्सवर ७२०० डीपीआय लिहिलंय, मग कूलस्कॅनचे ४००० कमी नाही का झाले?

नाही झाले. बॉक्सवरचा आकडा म्हणजे सेन्सर एका इंचात किती वेळा सॅम्पल घेतो एवढंच, लेन्सला तेवढं बारीक दिसतंय का हे त्यात येत नाही. ते बघायला यूएसएएफ १९५१ नावाचं टेस्ट टार्गेट असतं, त्यावर बारीक बारीक होत जाणाऱ्या रेषांचे गट असतात. टार्गेट स्कॅन करायचं, १०० टक्क्यांवर बघायचं, आणि रेषा सुट्या दिसतात तो शेवटचा घटक शोधायचा. समजा गट ५ मधल्या चौथ्या घटकापर्यंत रेषा वेगळ्या दिसल्या, तर ते झाले मिलिमीटरला ४५.३ रेषाजोड्या, त्याला २ ने गुणा, मग २५.४ ने गुणा, उत्तर येतं साधारण २३००. एप्सन व्ही८५० सारख्या फ्लॅटबेडवर ६४०० लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात हाती येतं ते याच्याच आसपास. प्लस्टेकच्या ७२०० वाल्या मॉडेलमध्ये ३०००-३५०० च्या घरात मिळतं. कूलस्कॅन ५००० आणि ९००० मात्र ४००० म्हणतात आणि जवळजवळ तेवढंच देतात.

म्हणजे ७२०० ला स्कॅन करून जी फाईल येते ती नुसतीच फुगलेली असते, डिटेल अर्ध्याहून कमी. डिस्क भरते, बाकी काही नाही.

३. मग मला नक्की किती डीपीआय पाहिजे?

आधी प्रिंट केवढी काढायची ते ठरवा, बाकीचं सगळं तिथून मागे येतं. ३५ एमएमची फ्रेम ४००० ला स्कॅन केली की साधारण ५६७० × ३७८० पिक्सल होतात, ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सल) ती १९ × १२.५ इंचाची प्रिंट झाली. ६×७ ची (सेंटीमीटरमध्ये, मिडियम फॉरमॅट) निगेटिव्ह असेल तर खरे २३०० मिळाले तरी १७ × २१ इंच निघते, म्हणून मिडियम फॉरमॅटवाल्यांना मी नेहमी सांगतो की आकड्याच्या मागे इतकं लागू नका.

फिल्ममध्ये किती आहे हे पण बघायला हवं. फुजीच्याच डेटाशीटमध्ये वेल्विया ५० या स्लाइड फिल्मची क्षमता कमी कॉन्ट्रास्टला मिलिमीटरला ८० रेषाजोड्या दिलीय, जास्त कॉन्ट्रास्टला १६०. ८० म्हणजे हिशोबाने ४०६० डीपीआय. खऱ्या फोटोत बहुतेक डिटेल कमी कॉन्ट्रास्टचंच असतं, वर हात हलणं, लेन्स, फोकस यात आणखी जातं, त्यामुळे खरे ४००० मिळत असतील तर ३५ एमएमच्या बहुतेक फ्रेममधलं जवळपास सगळं बाहेर आलं असं समजा. त्याच्या वर गेलं की ग्रेन (फिल्मचे कण) जास्त स्वच्छ दिसतो, आणि मोठ्या प्रिंटमध्ये त्यालाही किंमत आहे, पण नवीन डिटेल फारसं येत नाही.

४. डीमॅक्स ४.८ म्हणजे ४.२ पेक्षा शॅडो जास्त चांगले निघणार ना?

डीमॅक्स म्हणजे मशीन फिल्मचा किती काळा भाग वाचू शकतं त्याचा आकडा, आणि त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. घनता, म्हणजे फिल्म किती गडद आहे ते, लॉगमध्ये मोजतात, ३.० म्हणजे हजारातला एक भाग प्रकाश आरपार येतो, ४.० म्हणजे दहा हजारातला एक. आता एक गणित करून बघा: १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या, त्याचा लॉग ४.८. १४ बिटमध्ये १६,३८४ पायऱ्या, लॉग ४.२. निकॉनने १४ बिटच्या कूलस्कॅन ४००० ला ४.२ लिहिलं आणि १६ बिटच्या ५००० आणि ९००० ला ४.८. म्हणजे हा आकडा कन्व्हर्टरच्या बिटवरून काढलेला आहे, फिल्ममधून काय वाचता येतं ते मोजून काढलेला नाही.

गडद स्लाइडच्या शॅडोमध्ये मशीनचा स्वतःचा नॉइज किती, लेन्स आणि आरशांवरून उडालेला प्रकाश किती, यावर खरी गोष्ट ठरते. स्लाइडचा सगळ्यात काळा भाग ३.५ च्या वर जातो, तिथे ड्रम आणि फ्लेक्सटाइट उघडपणे पुढे असतात. निगेटिव्हमध्ये घनता एवढी जातच नाही, त्यामुळे फक्त निगेटिव्हच शूट करत असाल तर डीमॅक्सवरून मशीन निवडण्यात काही अर्थ नाही. कूलस्कॅनमध्ये मल्टिसॅम्पल (तीच ओळ परत परत वाचणं) १६ वेळापर्यंत करता येतं, त्याने शॅडोतला नॉइज कमी होतो, पण वेळ त्याच हिशोबाने वाढतो.

५. ड्रम स्कॅनर खरंच एवढा भारी असतो का?

असतो. यात सीसीडी (बाकीच्या स्कॅनरमधला सेन्सर) नसतो, फोटोमल्टिप्लायर ट्यूब असते, जी अगदी थोडा प्रकाशही पकडते, आणि एका वेळी फिल्मचा फक्त एक बारीक ठिपका उजळलेला असतो, त्यामुळे शेजारच्या उजेडाची गळती शॅडोत येत नाही. फिल्म मायलर (पातळ प्लास्टिक शीट) आणि फ्लुइड लावून ड्रमवर ताणून बसवतात, म्हणजे सपाटपणाचा प्रश्नच मिटला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फोकस एकच. फ्लुइडमुळे बेसच्या (फिल्मच्या प्लास्टिकच्या) बाजूचे ओरखडे भरून जातात आणि दिसेनासे होतात (चित्राचा थर, म्हणजे इमल्शन, खरवडलं असेल तर ते मात्र दिसतंच). ॲपर्चर, म्हणजे त्या ठिपक्याचा आकार, मायक्रॉनमध्ये निवडता येतं, आणि जाणकार ऑपरेटर फिल्मचा ग्रेन बघून ते ठरवतो. एकच निगेटिव्ह लहान आणि मोठ्या ॲपर्चरला स्कॅन करून शेजारी ठेवा, आकाशातला ग्रेन बघून दोन वेगळ्या फिल्म वाटतील.

पण मशीन जुनी आहेत, वजनदार आहेत, माउंटिंग शिकावं लागतं, सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवरच चालतं आणि बऱ्याच ठिकाणी डोंगल (सॉफ्टवेअर चालू करणारी छोटी किल्ली) लागतो. रोज लार्ज फॉरमॅट स्लाइडच्या मोठ्या प्रिंट काढणाऱ्याने जरूर विचार करावा. बाकीच्यांनी निवडक फ्रेम बाहेरून करून घ्याव्यात (प्रश्न १५).

६. फ्लेक्सटाइट की कूलस्कॅन ९०००? हे एकदाचं सांगाच.

मिडियम फॉरमॅटवाल्यांचा हा कायमचा प्रश्न, आणि उत्तर तुम्ही काय शूट करता त्यावर बदलतं.

कूलस्कॅन ९००० ची लेन्स फारच छान आहे, ३५ एमएम आणि १२० (मिडियम फॉरमॅटचा रोल) दोन्हीला पूर्ण ४००० देतो, आणि त्यात धूळ आपोआप काढणारा इन्फ्रारेडवाला डिजिटल आइस आहे (प्रश्न १०). म्हणजे ६×७ वर त्याचं रिझोल्यूशन फ्लेक्सटाइटपेक्षा जास्त पडतं, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. कारण असं आहे की फ्लेक्सटाइट एक्स५ मध्ये एका ओळीत ८००० पिक्सलचा सेन्सर आहे आणि लेन्स फिल्मच्या रुंदीप्रमाणे पुढेमागे होते, रुंदी वाढली की तेच ८००० पिक्सल जास्त इंचांवर पसरतात. ३५ एमएमला ८००० डीपीआय, १२० ला ३२००, आणि ४×५ ला (इंचात, लार्ज फॉरमॅट) २०४०. एक्स१ ला ३५ एमएमला ६३०० मिळतात.

मग फ्लेक्सटाइट घ्यायचा कशाला? फिल्म धरण्याच्या पद्धतीसाठी. फिल्म लवचिक मॅग्नेटिक होल्डरमध्ये बसते आणि आत जाताना कमानीसारखी वाकते, वाकल्यामुळे आडव्या दिशेने ती पूर्ण ताठ होते आणि नेमकी तीच ओळ स्कॅन होते. मध्ये काच नाही, आरसे नाहीत, त्यामुळे न्यूटन रिंग (प्रश्न १२) नाही, काचेवरची धूळ नाही, आणि कोपरे टणटणीत शार्प. कूलस्कॅनचा साधा होल्डर एफएच-८६९एस फिल्म फक्त कडेने धरतो, बाक असलेली फिल्म मधे फुगते, आणि या लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड एवढीशी, मग एक कोपरा शार्प तर दुसरा साबणासारखा. काचेचा होल्डर एफएच-८६९जी मिळाला तर तो प्रश्न सुटतो, पण तो सहज मिळत नाही. ९००० घेताना हा होल्डर सोबत आहे का ते आधी विचारा, माझ्या लेखी त्याच्याशिवाय मशीन अर्धवट आहे.

फ्लेक्सटाइटला इन्फ्रारेड नाही, फ्लेक्सटच नावाचं सॉफ्टवेअर आहे पण ते आइसची बरोबरी करत नाही, त्यामुळे धूळ हाताने काढावी लागते. धुळीने भरलेल्या जुन्या कलर निगेटिव्हचा ढीग असेल तर कूलस्कॅन. स्वच्छ ठेवलेल्या स्लाइड आणि ब्लॅक अँड व्हाइट, किंवा ४×५, असेल तर फ्लेक्सटाइट. कूलस्कॅनमध्ये ४×५ जातच नाही.

७. मी फक्त ३५ एमएम शूट करते, माझ्यासाठी काय?

कूलस्कॅन ५०००, डोळे मिटून. यूएसबी आहे, वेगवान आहे, आणि एसए-३० ॲडॉप्टर मिळाला तर अख्खा न कापलेला रोल एकदम जातो. मिनोल्टाचा एलिट ५४०० त्याच्याहून बारीक बघतो आणि त्यात ग्रेन डिझॉल्व्हर नावाचा डिफ्यूझर आहे (हा का महत्त्वाचा ते प्रश्न ११ मध्ये), पण २००६ मध्ये कोनिका मिनोल्टा फोटोच्या धंद्यातूनच बाहेर पडली आणि चालू स्थितीतलं मशीन शोधणं अवघड झालंय. नवीनच पाहिजे, वॉरंटी पाहिजे, तर प्लस्टेक ८२००आय किंवा रिफ्लेक्टाचा प्रोस्कॅन. प्लस्टेकमध्ये ऑटोफोकस नाही आणि फ्रेम हाताने सरकवावी लागते, ३६ फ्रेमचा रोल करताना त्याचा कंटाळा येतो.

८. लॅबवाले नोरित्सू किंवा फ्रंटियरवर करून देतात, ते हाय-एंड धरायचं का?

वेग आणि रंग यासाठी हो. नोरित्सू एचएस-१८०० आणि फुजी फ्रंटियर एसपी-३००० ही मिनीलॅबची मशीन, रोल झटपट निघतो आणि कलर निगेटिव्हचे रंग इतके छान येतात की घरी तासभर बसून तसे जमत नाहीत. पण लॅबकडून हातात येतं ते बहुतेक वेळा ८ बिट जेपेग, शार्पनिंग आणि कॉन्ट्रास्ट आधीच मारलेलं, हायलाइट उडाले असतील तर परत आणता येत नाहीत. लग्नाचे वीस रोल असतील तर हेच करा. एका फ्रेमची भिंतीएवढी प्रिंट काढायची असेल तर ती फ्रेम दुसरीकडे न्या.

९. मॅक्रो लेन्स लावून कॅमेऱ्याने काढलं तर स्कॅनरची गरज उरते का?

बऱ्याच जणांना नाही उरत. हिशोब सोपा आहे, २४ मेगापिक्सलचा फुल फ्रेम १:१ ला ३५ एमएमच्या फ्रेमवर ६००० पिक्सल देतो, म्हणजे ४२३० डीपीआय, ४५ मेगापिक्सलवाला ५८०० च्या वर. बायर सेन्सरमुळे (प्रत्येक पिक्सल एकच रंग बघतो) खरं डिटेल थोडं कमी, पिक्सल शिफ्ट (सेन्सर किंचित सरकवून घेतलेले अनेक शॉट) असेल तर तेही भरून निघतं. ६×७ एका शॉटमध्ये घेतली तर ४५ मेगापिक्सललाही २५०० च्या आसपासच पडतात, जास्त हवं तर तुकडे घेऊन जोडायचे.

पण कॅमेरा घेतला की झालं असं नाहीये, बाकीच्या गोष्टींवरच सगळं अवलंबून आहे: १:१ ला सपाट राहणारी मॅक्रो लेन्स, एफ/५.६ ते एफ/८ च्या मधे कुठेतरी, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा लाइट, हलणार नाही असा कॉपी स्टँड, आणि कॅमेरा फिल्मला अगदी समांतर. समांतर करायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्समधून बघा, लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोब्बर मध्यात आलं की झालं, बबल लेव्हलपेक्षा हे कितीतरी अचूक. लाइटच्या आजूबाजूचा मोकळा भाग काळ्या कागदाने झाका, नाहीतर फ्लेअर येऊन शॅडो धुतले जातात. धूळ काढायला इन्फ्रारेड नाही, आणि कलर निगेटिव्ह उलटवायला निगेटिव्ह लॅब प्रोसारखं सॉफ्टवेअर लागतंच.

१०. ब्लॅक अँड व्हाइटवर डिजिटल आइस लावलं आणि फोटो पार विचित्र झाला, मशीन बिघडलंय का?

मशीन ठणठणीत आहे, आइस बंद करा. इन्फ्रारेड प्रकाश कलर फिल्मच्या डायमधून आरपार जातो आणि धुळीला अडतो, त्यावरून सॉफ्टवेअरला धूळ कुठे आहे ते कळतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदी पण इन्फ्रारेड अडवते, मग मशीनला तुमचा अख्खा फोटोच धूळ वाटतो. अपवाद: इल्फर्ड एक्सपी२ सारखी सी-४१ मध्ये (कलर निगेटिव्हच्या केमिकलमध्ये) धुतली जाणारी ब्लॅक अँड व्हाइट, तिच्यात शेवटी डायच उरतो, तिथे आइस मस्त चालतं.

आणि कोडाक्रोम हा उलटा अपवाद. ती कलर स्लाइड असली तरी तिचा सायन डाय इन्फ्रारेड थोडा अडवतो, त्यामुळे साधं आइस डिटेल खाऊन टाकतं. कूलस्कॅन ९००० मधलं आइस प्रोफेशनल कोडाक्रोम धरून बनवलंय आणि तिथे बऱ्यापैकी जमतं. रंग निळसर येत असतील तर कोडाक्रोमसाठीचं वेगळं आयटी८ टार्गेट (रंग जुळवायचा नमुना) वापरा, एक्टाक्रोमच्या टार्गेटने ते नीट होणार नाही. ही फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि २०१० च्या शेवटी तिचं डेव्हलपिंगही थांबलं, त्यामुळे घरात ज्या स्लाइड आहेत तेवढ्याच, त्या नीट स्कॅन करून ठेवा.

११. तीच ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह कूलस्कॅनवर एवढी खरखरीत का येते?

कूलस्कॅनचा एलईडी प्रकाश एका दिशेने सरळ येणारा आहे. चांदीचे कण असा प्रकाश जोरात विखुरतात, म्हणून हायलाइट लवकर भरतात, कॉन्ट्रास्ट वाढतो, ग्रेन आणि ओरखडे ठळक होतात. याला कॅलियर इफेक्ट म्हणतात, डार्करूममध्ये कंडेन्सर एन्लार्जर आणि डिफ्यूजन एन्लार्जरच्या प्रिंटमध्ये जो फरक दिसतो तो हाच. मिनोल्टाचा ग्रेन डिझॉल्व्हर, किंवा कॅमेऱ्याखालचं पसरट लाइट पॅनल, यात तो बराच कमी होतो. ब्लॅक अँड व्हाइट जास्त करत असाल तर माझा कौल कॅमेरा सेटअप किंवा फ्लेक्सटाइटला.

१२. काचेचा होल्डर घेतला तर आता इंद्रधनुष्यासारखे गोल दिसतायत.

न्यूटन रिंग. फिल्मची चकचकीत बेसची बाजू गुळगुळीत काचेला टेकली की मधल्या हवेच्या पातळ थरामुळे होतात. अँटी-न्यूटन काच बेसच्या बाजूला ठेवा, इमल्शनची बाजू जरा मॅट असते ती साध्या काचेला टेकली तरी सहसा चालतं. तरीही येत असतील तर फ्लुइड माउंटिंग हाच पक्का उपाय.

१३. कूलस्कॅन ८००० आणि ९००० मध्ये आकाशात पट्टे येतात, जातील का?

हो, बहुतेक वेळा. सेटिंगमध्ये सुपर फाइन स्कॅन चालू करा. ही मशीन एकदम तीन ओळी वाचतात आणि त्या तीन ओळींमधल्या बारीक फरकाचे पट्टे दिसतात, सुपर फाइनमध्ये एकच ओळ वापरली जाते. वेळ जवळपास तिप्पट लागतो.

१४. सेकंडहँड घेताना काय बघू? आणि नव्या कॉम्प्युटरला लागेल का?

पहिली टेस्ट: काळ्या कडांमध्ये एकदम उजळ भाग असेल अशी स्लाइड स्कॅन करा. उजळ भागाची चमक काळ्या कडेवर धुक्यासारखी सांडलेली दिसली तर आतल्या आरशावर धूळ बसलीय. कूलस्कॅनमध्ये हे वयोमानाने होतंच, साफ करता येतं, पण ते काम माहितगाराकडून करून घ्या. मग चारही कोपऱ्यांचा फोकस, मग सपाट राखाडी भागात रेघा येतात का, मग सगळे होल्डर आहेत का. फ्लेक्सटाइटमध्ये आतले बेल्ट आणि रबरी भाग झिजतात, होल्डर आत जाताना अडखळतो का ते कान देऊन ऐका. विकणाऱ्याने तुमच्याच निगेटिव्हचं फुल साइज स्कॅन देण्यास टाळाटाळ केली तर सोडून द्या.

कनेक्शन हा पैसे भरण्याआधीचा प्रश्न आहे. कूलस्कॅन ९००० आणि फ्लेक्सटाइट एक्स१, एक्स५ फायरवायर नावाच्या जुन्या केबलवर चालतात, जुने ड्रम तर त्याहून जुन्या स्कझीवर. मॅकला थंडरबोल्टवरून ॲडॉप्टरची साखळी लावून फायरवायर मिळायचं, पण मॅकओएस २६ पासून ॲपलने तो सपोर्टच काढलाय. फ्लेक्सटाइटचं फ्लेक्सकलर ३२ बिटचं सॉफ्टवेअर आहे, मॅकओएस कॅटलिनापासून पुढच्या मॅकवर चालत नाही. म्हणून स्कॅनरसोबत एक जुना कॉम्प्युटर धरूनच चाला, इंटरनेटला न जोडता फक्त त्याच कामाला ठेवा. कूलस्कॅनसाठी निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर कधीच थांबलंय, पण व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्टने काम होतं, फक्त सिल्व्हरफास्टचं लायसन्स त्या एका मॉडेलपुरतंच असतं हे लक्षात ठेवा.

१५. वर्षाला मोजक्याच फ्रेम मोठ्या करायच्या असतात, मशीन घेऊ का?

नका घेऊ. रोजचं काम कॅमेऱ्याने किंवा फ्लॅटबेडवर करा, आणि निवडलेल्या फ्रेम ड्रम किंवा फ्लेक्सटाइटवर करून घ्या. फक्त मागताना स्पष्ट मागा: १६ बिट टिफ, शार्पनिंग बंद, मोठी कलर स्पेस, दोन्ही टोकांना काहीही कापलेलं नको. फ्लेक्सटाइट असेल तर ३एफ फाईल पण मागून घ्या, त्यात मशीनने वाचलेला पूर्ण डेटा असतो आणि फ्लेक्सकलरमध्ये नंतर परत वेगळ्या सेटिंगने काढता येतं. ३५ एमएमची एक फ्रेम ४००० ला ४८ बिट कलरमध्ये १३० एमबीच्या घरात जाते, ६×७ साडेपाचशे एमबीच्या वर, तेव्हा देवाणघेवाण ड्राइव्हवरच करा. कलर निगेटिव्ह स्वतः उलटवणार असाल तर लिनियर (मशीनने काहीही न बदललेलं) स्कॅन मागा आणि फ्रेमच्या बाहेरची थोडी कोरी फिल्म चित्रात ठेवायला सांगा, नारिंगी बेसचा रंग तिथूनच मोजता येतो.